जैतूनबी, दौंड, डावा डोळा

आपांच्या प्रत्येक कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये तपासायला घातलेलं पहिलं नाव एकाच बाईचं असायचं. जैतूनबी, दौंड. दूध डेअरीच्या ॲपमध्ये जैतूनबीची एक म्हैस होती आणि ती सकाळी चार लिटर दूध द्यायची. शाळेच्या हजेरीच्या ॲपमध्ये जैतूनबी पाचवी 'ब'मध्ये होती आणि वर्षभर एकदाही गैरहजर नव्हती. एका व्यायामशाळेचं काम आलं तेव्हा जैतूनबीनं तिथंही नाव घातलं, सकाळची बॅच. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. मी एकदा विचारलंच, "आपा, या बाई एवढा व्यायाम करून शाळेत कधी जातात?" आपांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं. "म्हैस धुऊन झाली की जाती. तू तुझं काम कर," म्हणाल्या.

शिरूरच्या एस.टी. स्टँडच्या मागं, खताच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, पाच खुर्च्या आणि रविवारीही कपड्यांतून न जाणारा खताचा वास. मालक कारेगावचे, त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, फक्त फोन वाजला की दचकायचा. आमचं काम तपासणाऱ्या आपा दौंडच्या. पुण्यातल्या मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून त्या शिरूरला का आल्या, हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. आठवडाभर त्या इथं खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी दुपारच्या एस.टी.नं दौंडला जायच्या. जाताना पिशवीत लॅपटॉप आणि शेंगदाण्याची चटणी. येताना तोच लॅपटॉप आणि बहिणीनं दिलेली दुसरी चटणी.

आपा माणसांना गावाच्या नावानं हाक मारत. साहेब सोडून पाच जणांच्या ऑफिसात दोन गणेश आणि दोन मनीषा म्हटल्यावर दुसरा इलाजही नव्हता. मी निमोण्याची, म्हणून मी 'निमोणे'. एक गणेश पाबळ, दुसरा न्हावरा. "ए निमोणे, इकडं ये. मोठ्यानं वाच." लिहिलेला प्रोग्रॅम मोठ्यानं वाचून दाखवायचा, हा त्यांचा नियम. मी पाबळला राहून प्रोग्रॅमिंग रीतसर शिकून आले होते आणि सगळं येतं अशी माझी खात्री होती. पण आपांच्या पुढ्यात उभं राहून वाचायला लागलं की तिसऱ्या ओळीला जीभ अडखळायची, आणि नेमकी तिथंच चूक निघायची.

पहिल्याच आठवड्यात माझी जिरली. स्क्रीनवर जे जे दिसतं त्याची माहिती प्रोग्रॅम एका जागी ठेवतो, त्या जागेला आम्ही स्टोअर म्हणतो. एका माणसाची माहिती, म्हणजे नाव, गाव, वय, मोबाईल, एकत्र बांधली की त्या गाठोड्याला म्हणायचं ऑब्जेक्ट. मला काम दिलं होतं एवढंच, की नवं गाठोडं स्टोअरमधल्या यादीत घालायचं. मी सरळ जुन्या यादीच्या शेवटी ते ढकलून दिलं आणि ओरडले, "घातलं, आपा!" आपांनी मान वर केली नाही. "घातलं ते सांगू नको. दिसलं का ते सांग." स्क्रीनवर काही नव्हतं. यादी तपासली तर नाव आत होतं. स्क्रीन मात्र ढिम्म.

मला वाटलं, कॉम्प्युटर बिघडला. आपांनी खुर्ची माझ्याकडं फिरवली. "तुमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी लावत्यात का न्हाई? त्या जुन्या कागदावर कुनी पेन्सिलीनं एक नाव घुसवलं, तर कोन वाचायला येतंय? कुनी न्हाई. मानसं म्हनत्यात, ही कालचीच यादी हाय. पन नवा कागद लाव, आख्खं गाव जमतंय. स्क्रीन बी गावासारखीच हाय. जुन्याला हात लावायचा न्हाई. जुन्याची नक्कल कर, त्यात नवं नाव घाल आन् नवा कागद लाव." मी तसं केलं आणि जैतूनबी लगेच स्क्रीनवर आल्या. पुस्तकात हीच गोष्ट मी चार पानं वाचली होती आणि परीक्षेत मार्कही मिळवले होते.

त्यांचा दुसरा हट्ट रोजनिशीचा. स्टोअरमध्ये शेवटी काय उरलं एवढंच ठेवून चालायचं नाही. काय काय घडलं, कुणी काय घातलं, ते सगळं क्रमानं लिहून ठेवायचं. साहेब कुरकुरायचे, "आपा, लोकांच्या मोबाईलमधी जागा खातंय हो ते." आपा म्हणायच्या, "खाऊ द्या की. भाकर तर न्हाई खात?" ही रोजनिशी कधी कुणी उघडून वाचल्याचं मला आठवत नव्हतं. मीही मनातून साहेबांच्याच बाजूची होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मग मोतीबिंदूच्या शिबिरांचं काम आलं. एक सेवाभावी संस्था गावोगाव डोळे तपासून फुकट ऑपरेशन करून देणार होती. स्वयंसेवक मोबाईल घेऊन घरोघर जायचे आणि नावं घालायचे. संध्याकाळी यादी रोजनिशीसकट आमच्याकडं यायची. ठरलेल्या दिवशी गावात गाडी यायची, यादीतली नावं पुकारायची आणि माणसं बसवून दौंडच्या एका हॉस्पिटलात न्यायची. यादीत नाव नाही, तर गाडीत जागा नाही. संस्थेला हे काम पसंत पडलं तर पुढं सगळ्या जिल्ह्याचं आम्हालाच मिळणार होतं, त्यामुळं साहेब दोन दोन वेळा गणपतीला जाऊन येत होते.

नाव घालायचा भाग माझ्याकडं होता. स्टोअरमधल्या प्रत्येक गाठोड्याला एक खूण लागते, म्हणजे मागितलं की नेमकं तेच हाती येतं. आणि त्याच खुणेचं दुसरं गाठोडं आलं, तर पहिल्याच्या जागी दुसरं बसतं, पहिलं जातं. खूण म्हणून नाव चालणार नाही हे मला आपांनीच शिकवलं होतं. एकेका गावात एकाच नावाची तीन तीन माणसं. मग मी शक्कल लढवली. मोबाईल नंबर! दहा आकडे, एकाचा दुसऱ्याला नाही. माझ्यावर मीच खूश. तो शनिवार होता. आपा एस.टी.त बसल्या होत्या, रेंज जात-येत होती. त्यांनी मोबाईलवरच वरवर बघितलं आणि कळवलं, "बरं हाय. जाऊ दे." मोठ्यानं वाचायला काही त्यांनी लावलं नाही. तेवढा एकच शनिवार.

पहिलं शिबिर आमच्याच निमोण्यात झालं. मी ऑफिसात बसून यादी सांभाळत होते, गावात नव्हते. आमच्या तात्यांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ऑपरेशन झालं. ते काळा चष्मा लावून पुढाऱ्यासारखे ओट्यावर बसायला लागले. आई दिवसातून चार वेळा त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची. तिचा नेम चुकायचा, थेंब गालावर पडायचा. तात्या ओरडायचे आणि मी हसायचे. "आई, डोळा वर हाय, खाली न्हाई!" सुईत दोराही ती माझ्याकडून ओवून घ्यायची. मी ओवून द्यायचे, मोबाईलमधून मान वर न काढता.

दुसरं शिबिर कारेगावात झालं. कुठूनही एक तक्रार आली नाही. साहेबांनी पेढे आणले. आपांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. यादी खालून वर, वरून खाली बघत बसल्या. मग मला जवळ बोलावलं.

"निमोणे, यात एका घरातली दोन मानसं दाव मला."

मी शोधलं. नव्हती.

"दोन गावं झाली. नवरा-बायको दोघांला बी मोतीबिंदू, सासू-सासरे दोघांला बी, असं एक घर न्हाई?"

"नसेल, आपा. तक्रार तर कुणाचीच नाही."

"तक्रार न्हाई म्हंजी चूक न्हाई, असं कुनी सांगितलं तुला?" मग म्हणाल्या, "तुझ्या घरात मोबाईल किती?"

"दोन. दादाचा आणि माझा."

"आन् तात्यांचा नंबर म्हनून कुठला देता?"

"दादाचा."

"आईचा?"

"दादाचाच," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता चूक माझ्या लक्षात आली. आमच्याकडं मोबाईल माणसाचा नसतो, घराचा असतो. मी त्याच घरात वाढले, जन्मभर दादाचाच नंबर सगळीकडं देत आले, आणि प्रोग्रॅम लिहायला बसल्यावर तेवढंच विसरले. ज्या घरात दोन नावं घातली, त्या घरातलं दुसरं नाव पहिल्याच्या जागेवर बसलं आणि पहिलं गेलं. घरात शिरल्यावर बोलायला आधी बाईमाणूस समोर येतं, तिचं नाव आधी घातलं जातं. गडीमाणूस रानातून नंतर येतो, त्याचं नाव नंतर. गेल्या त्या जवळजवळ सगळ्या बायकाच होत्या. त्या गाडीपाशी आल्या असतील, नाव पुकारलं गेलं नाही, म्हणून पिशवी उचलून परत गेल्या असतील. कुणी भांडलं नाही. यादीत आपलं नाव नसणं त्यांना नवीन नव्हतं.

मला रडू फुटलं. आपा म्हणाल्या, "रडायचं मागनं. आदी रोजनिशी काढ."

सकाळचे अकरा वाजले असतील. आपांनी मला मोबाईलची खूण काढून टाकायला लावली. प्रत्येक माणसाला त्याचा स्वतःचा नवा क्रमांक दिला. मग रिकाम्या स्टोअरवर त्यांनी रोजनिशी पहिल्यापासून चालवली, म्हणजे दोन्ही गावांत ज्या क्रमानं नावं घातली गेली होती, त्याच क्रमानं ती पुन्हा घालायला लावली. पहिल्या जैतूनबी आल्या. मग एकेक घर उघडायला लागलं. हौसाबाई. त्यांच्या खाली त्यांचे मालक. हमीदाबी. रखमाबाई. कारेगावात लेकाबरोबर आलेली बिहारची कुणी एक सावित्रीदेवी. साहेब पेढ्याचा डबा हातात धरून तसेच उभे होते. त्या सगळ्या आधीपासून रोजनिशीत होत्या, आम्हालाच दिसत नव्हत्या. आणि मग एक ओळ आली. मंगल, निमोणे, वय त्रेपन्न, उजवा डोळा. खाली तात्यांचं नाव. नंबर दादाचा.

ती माझी आई होती.

त्या दुपारी आपा माझ्यामागं गाडीवर बसून निमोण्याला आल्या. आई अंगणात शेंगा फोडत होती. मी विचारलं, "तू नाव घातलं होतंस? मला सांगितलं का नाहीस?" आई आधी आपांकडं बघून पदर सावरून बसली. मग म्हणाली, "गेल्ते की गाडीपाशी. पिशवी बी भरली व्हती. न्हाई आलं नाव. म्हनलं लेकीच्याच कंपनीचं काम हाय, आपुन भांडायचं आन् तिला साहेब बोलायचा. ऱ्हाऊ दे." एवढं बोलून ती चहा टाकायला उठली आणि उंबऱ्याला ठेचकाळली. तिथं मी जितकी रडले तितकी नंतर कधी रडले नाही. गालावर पडणारे थेंब आठवले. माझं हसणं आठवलं. आपांनी चहा होईपर्यंत राहिलेल्या शेंगा फोडल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी दार लावून घेतलं. "आपा, मी म्हंतो, बोभाटा कशाला? पुढच्या शिबिराच्या यादीत ही नावं गुपचूप घालून टाकू. संस्थेला कळलं तर काम जाईल." सांगणं अगदीच चुकीचं वाटत नव्हतं, निदान मला. आपा म्हणाल्या, "गुपचूप घातलेलं दिसत न्हाई, साहेब. तिसऱ्या गावच्या यादीतली नावं निमोण्याला कोन पुकारनार? त्या बायकांनला कसं कळायचं?" आणि त्यांनी तिथंच, आमच्या देखत, संस्थेला फोन लावला. काय झालं ते सगळं सांगितलं. पलीकडून विचारलं असावं, हे कुणी केलं. आपा म्हणाल्या, "माझ्या तपासनीतनं गेलंय. चूक माझी."

मी शेजारी उभी होते. नवी नोकरी, दादाच्या गाडीचं पेट्रोल, घरात मीच पहिली पगारदार. मी तोंडातून ब्र काढला नाही. आपा सोडून आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून इथं लिहिते.

संस्था चिडली, पण गाडी परत पाठवली. आपा यादी घेऊन घरोघर स्वतः गेल्या. मी दुचाकी चालवायची आणि त्यांनी दारात उभं राहून प्रत्येकीला तिच्या नावानं हाक मारायची. अमक्याची आई, तमक्याची मालकीण असं नाही, नावानं. हौसाबाईंना तर आपल्याला कोण हाक मारतंय हेच आधी कळेना.

दौंडला नेणाऱ्या त्या गाडीत आपा आईशेजारी बसल्या होत्या आणि मी मागच्या बाकावर. आईला गप्प बसवत नाही. "तुमची आई हाय का वो?" तिनं विचारलं.

"व्हती. जैतूनबी."

मी मागं बसल्या जागी ताठ झाले. इतके दिवस आम्ही जिच्या म्हशीवरून हसत होतो, ती खरीच कुणीतरी होती.

"दौंडलाच असंच शिबिर व्हतं," आपा सांगत होत्या. "मी बारावीला. अम्मीचं नाव मीच घालून आले. दुपारी यादी वाचली तर नाव न्हाई. अम्मी म्हनली, ऱ्हाऊ दे, पुढच्या साली बघू. मी बी ऱ्हाऊ दिलं. बोलता येत व्हतं मला, पन न्हाई बोलले. पुढच्या सालापतूर डोळा गेला. डावा." मग त्या म्हणाल्या, "तवापासनं कुठं बी पयलं तिचं नाव घालून बघते. दिसलं की बरं वाटतं."

आईनं त्यांचा हात हातात घेतला आणि दौंड येईपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटल्यावर आईनं आधी मला बघितलं, मग आपांना नीट निरखून म्हणाली, "ही व्हय आपा? मला वाटलं म्हातारी हाय!" आपा एवढ्या हसल्या, की नर्स रागवली.

जिल्ह्याचं काम दुसऱ्या कंपनीला गेलं. साहेबांनी आपांना बोलावलं आणि 'आता कुणीतरी...' एवढंच म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले. आपांनी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "महिनाअखेर जाते मी. पोरीला ठिवा." शेवटच्या दिवशी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली होती. मी म्हटलं, "आपा, खूण मी निवडली होती. मी बोलायला पाहिजे होतं." त्या पिशवी वर चढवत होत्या. "व्हय, पायजे व्हतं," त्या म्हणाल्या. उगाच 'नाही गं' म्हणाल्या नाहीत, याचं मला आजही बरं वाटतं. मग खिडकीत बसल्यावर म्हणाल्या, "मी बी तुझ्याच वयात गप बसले व्हते. एकदा बास. तुला आजून लई नावं घालायचीत." आणि चटणीचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, धुऊन परत पाठव.

आता आपा दौंडला घरी बसूनच कुठल्या कुठल्या कंपन्यांची कामं करतात. मी अजून शिरूरलाच आहे, त्याच खताच्या वासात. आईला मी वेगळा मोबाईल घेऊन दिला आहे, त्यावर ती मला दिवसातून सहा वेळा जेवलीस का विचारते. आणि प्रोग्रॅम डेअरीचा असो, शाळेचा असो, नाव घालायची सोय लिहून झाली की मी आधी दोन नावं घालते. जैतूनबी, दौंड, डावा डोळा. मंगल, निमोणे, उजवा डोळा. दोघींचा मोबाईल मुद्दाम एकच देते, दादाचा. सगळा प्रोग्रॅम भिंतीला तोंड करून मोठ्यानं वाचते. दोन्ही ओळी स्क्रीनवर एकाखाली एक येईपर्यंत कुणालाही 'झालं' म्हणत नाही.

ईदला मी फोन करते. आपा फोन उचलतात, पण ख्यालीखुशाली नंतर.

"काय निमोणे, दिसत्यात का दोघी?"

"दिसतात, आपा."

"मग बोल आता," त्या म्हणतात, "कशी हाईस?"